कुशल कोण, हे ठरवतं कोण?

दसऱ्याच्या आगेमागे बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. सत्यनारायणाची पूजा, बॉयलरच्या तोंडाशी नारळ, मग भट्टीत पहिला अग्नी. वर्तमानपत्रात फोटो छापून येतो तो संचालकांचा. त्यांच्या मागच्या रांगेत निळ्या-खाकी कपड्यांतली जी माणसं उभी असतात, त्यांच्यातला एकजण त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत तो अग्नी विझू न देण्याची जबाबदारी घेणार असतो. तो बॉयलर अटेंडंट. त्याच्याकडे बाष्पक खात्याची परीक्षा देऊन मिळवलेलं प्रमाणपत्र असतं आणि ते नसेल तर कायद्यानं बॉयलर पेटवताच येत नाही.

‘काम आणि दाम’ या विषयावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मला पहिल्यांदा हाच माणूस आठवला. कामाची किंमत कशी ठरते, हे पाहायला त्याच्यापासून सुरुवात करणं सोयीचं, कारण त्याचं कौशल्य कागदावर आहे. अवघड प्रश्न पुढचा आहे. ज्यांचं कौशल्य हातात, डोळ्यांत आणि वीस-पंचवीस हंगामांच्या सवयीत आहे, कागदावर मात्र नाही, त्यांना कुठल्या पायरीवर बसवायचं?

हा प्रदेश त्यासाठी योग्य आहे. १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा आला, त्यावर ऊस आला आणि उसावर कारखाने उभे राहिले. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ शेठ वालचंद हिराचंदांनी खासगी कारखाना काढला आणि वालचंदनगर वसलं. स्वातंत्र्यानंतर सहकार आला. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, भवानीनगरला छत्रपती, इंदापूरकडे बिजवडीला कर्मयोगी आणि रेड्याजवळ शहाजीनगरला नीरा-भीमा. हे कारखाने सरकारी नाहीत. पण त्यांचं भागभांडवल, कर्जहमी, गाळपाचा परवाना, उसाचा दर आणि नोकरांची पदसंख्या या सगळ्यांत सरकार असतंच. कामगारांचा पगारही एकटा कारखाना ठरवत नाही. तो राज्यभरासाठी एका टेबलावर ठरतो.

पाकाची परीक्षा

हंगामी कामगारांना हजर व्हायला सांगणारी नोटीस टाइम ऑफिसबाहेरच्या फलकावर लागते. नाव, तिकीट नंबर, विभाग, पद, श्रेणी असे रकाने. बघायला येणारे नाव शोधतात आणि बोट आडवं नेत शेवटच्या रकान्यापर्यंत जातात.

या रकान्यातले शब्द जुने आहेत. केंद्र सरकारने साखर उद्योगासाठी १९५७ साली पहिलं वेतन मंडळ नेमलं, १९६५ साली दुसरं आणि १९८५ साली तिसरं. देशभरातल्या कारखान्यांत शेकडो प्रकारची कामं होती. एकाच कामाला एका गावात एक नाव, दुसऱ्या गावात दुसरं. मंडळांनी ती कामं गोळा करून मोजक्या खणांत बसवली. हाताने काम करणाऱ्यांसाठी अकुशल, अर्धकुशल, कुशल ‘ब’, कुशल ‘अ’ आणि अतिकुशल. कारकुनांसाठी वेगळ्या श्रेणी, सहावीपासून पहिलीपर्यंत चढत जाणाऱ्या. पर्यवेक्षकांच्या आणखी वेगळ्या. कोणतं पद कोणत्या खणात, याची यादी झाली आणि त्या यादीवर महाराष्ट्रातल्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांचे पगार निघाले.

यादीतलं एक पद घेऊ. पॅनमन. उसाचा रस तापवून, निवळून, आटवून जो दाट पाक होतो, तो पॅन नावाच्या भल्यामोठ्या बंद भांड्यात हवा काढून उकळतात. हवा काढल्यामुळे तो साठ-सत्तर अंशांवरच उकळतो आणि जळत नाही. पाक एका ठरावीक दाटपणाला आला की त्यात साखरेचं बारीक बी सोडायचं आणि त्या बियांभोवती दाणा वाढवत न्यायचा. पाक जरा पातळ राहिला तर दाणा विरघळतो. जरा जास्त दाटला तर नको असलेला भुगा धरतो आणि पुढे मशिनवर साखर मळीपासून सुटत नाही. घरात एकतारी आणि दोनतारी पाकातला फरक बोटांवर ओळखणारी बाई जे करते, तेच हा माणूस काही टन पाकावर करतो. भिंगाच्या खिडकीतून आत बघतो, नळीतून नमुना काढून काचेवर पसरतो, दिव्यासमोर धरतो, चिमटीत घेतो. काही सेकंदांत निर्णय. पाणी सोडायचं की पाक ओढायचा.

कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत साखर शिजवण्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणं होतात. पण या भागातले कितीतरी पॅनमन हेल्परचे पॅनमन झाले ते वरच्या माणसाच्या शेजारी उभं राहून. वेतन मंडळांचं मोठेपण असं की त्यांनी हे शहाणपण मानलं. न शिकलेल्या पण जाणत्या हाताला वरच्या श्रेणीत जागा मिळू शकली. शाळा सातवीतून सोडलेला माणूस पदवीधर कारकुनापेक्षा जास्त पगार नेतो, हे दृश्य ज्या थोड्या कामांच्या जागी दिसतं त्यांत साखर कारखाना आहे. मला ही यादी म्हणूनच नुसता कोरडा कागद वाटत नाही. भारतातल्या श्रमाच्या इतिहासातलं ते एक न्यायाचं पाऊल होतं.

मंडळानंतरचं टेबल

तिसऱ्या मंडळानंतर केंद्राने साखरेसाठी नवं वेतन मंडळ नेमलं नाही. महाराष्ट्रात त्याची जागा त्रिपक्षीय समितीने घेतली. एका बाजूला साखर संघ म्हणजे कारखाने, दुसऱ्या बाजूला कामगार संघटनांचे प्रतिनिधी, मध्ये शासन. करार पाच वर्षांचा. बैठका पुण्यात साखर संकुलात होतात, अडलं की शरद पवारांकडे जातात. एप्रिल २०१९ पासूनच्या पाच वर्षांसाठी २०२१ मध्ये १२ टक्के वाढ ठरली. एप्रिल २०२४ पासूनच्या करारासाठी जुलै २०२५ मध्ये १० टक्के. म्हणजे दोन्ही वेळा करार सुरू होऊन बरेच महिने उलटल्यावर आकडा ठरला. मधल्या काळाचा फरक नंतर मिळायचा, आणि कारखान्याची प्रकृती तोळामासा असेल तर तो फरक हप्त्याहप्त्यांनी येतो किंवा येतही नाही.

इथे एक गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे. टक्क्यांची वाढ सगळ्यांना सारखी दिसते, पण ती शिडीच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर वाढवते. खालच्याला महिना वीस हजार आणि वरच्याला चाळीस हजार मिळतात असं धरलं तर १० टक्क्यांनी एकाला दोन हजार वाढतात, दुसऱ्याला चार. वीस हजारांचं अंतर बावीस हजारांचं होतं. तेल, डाळ, मुलांची फी दोघांनाही एकाच भावाने घ्यावी लागते. मात्र वरच्या श्रेणीतला माणूस म्हणतो की अंतर राहिलंच नाही तर जोखमीचं काम शिकायचं कशासाठी? दोघांचंही म्हणणं खरं आहे आणि एकाच संघटनेच्या बैठकीत दोघं शेजारी बसलेले असतात. म्हणून संघटनेचे पुढारी श्रेणीचा विषय बैठकीत फार काढत नाहीत. टक्का सगळ्यांना एकत्र ठेवतो, श्रेणी वेगळं करते.

दुसरी ओढाताण अधिक खोल आहे. या कारखान्यातला कामगार बहुधा सभासदाचा मुलगा किंवा स्वतःच सभासद असतो. वार्षिक सभेत तो उसाला जास्त दर मागतो. युनियनच्या सभेत जास्त पगार. दोन्ही पैसे साखरेच्या त्याच पोत्यातून यायचे. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि नंतर कित्येक वर्षं हलला नाही, उसाचा एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, मात्र जवळजवळ दरवर्षी वाढत गेला. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजासह द्यायचे, असं ऊस नियंत्रण आदेशात लिहिलं आहे. पगाराच्या मागे प्रत्यक्षात तशी घाई लागत नाही. त्यामुळे पैसा कमी पडला की आधी पगार थांबतो. राज्यातल्या कितीतरी कारखान्यांत कामगारांचे पगार महिनोनमहिने थकले, ते या क्रमामुळे. शेतकऱ्याचं संरक्षण कमी करा, असं मी म्हणणार नाही. त्याच तोलाचं संरक्षण कामगारालाही हवं, एवढंच.

वर्षातले उरलेले महिने

श्रेणीचा खरा अर्थ बंद हंगामात कळतो. कारखान्यात कायम कामगार असतात, ते बारा महिने. ‘हंगामी कायम’ असतात; गाळप सुरू झालं की त्यांना बोलवायचंच, संपलं की घरी पाठवायचं. त्यांच्या खाली रोजंदारीवरचे. आणि आता सगळ्यात मोठी होत चाललेली फळी, ठेकेदाराकडची.

हंगामी कायम माणसाला घरी बसल्याच्या काळाचा थोडा पगार मिळतो, त्याला सगळे ‘रिटेन्शन’ म्हणतात. पुढच्या हंगामात त्याने दुसरीकडे न जाता इथेच यावं, म्हणून हा भत्ता. वेतन मंडळांनी तो ठरवला तेव्हा श्रेणीप्रमाणे ठरवला. कुशलाला निम्म्यापर्यंत, अर्धकुशलाला चौथाई आणि अकुशलाला त्याहून बराच कमी. तर्क सरळ होता. पॅनमन दुसऱ्या कारखान्यात गेला तर नुकसान, गव्हाणीवरचा मजूर गेला तर दुसरा मिळेल. पण उन्हाळ्यात घरी बसलेल्या दोघांच्या चुलीला हा तर्क लागू पडत नाही. ज्याच्याकडे हंगामातच शिल्लक उरत नाही, त्यालाच बंद काळात सर्वांत कमी मिळतं.

ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही हीच रेघ आहे. बारमाही कामगाराला नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. हंगामी आस्थापनेत फक्त हंगामापुरत्या असलेल्याला प्रत्येक हंगामामागे सात दिवसांचा. निवृत्त होताना दोघांचाही रोज हजार रुपये पडतो आणि दोघांचीही तीस वर्षं झाली आहेत असं धरू. एकाच्या हातात साडेचार लाख येतील, दुसऱ्याच्या हातात दोन लाख दहा हजार. दोघांनी एकाच मिलवर एकाच पाळीत घाम गाळला असेल. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार या पाळ्या दोघांनाही तशाच फिरल्या असतील.

आणि हंगाम आखूड होत चालला आहे. कारखान्यांनी गाळपक्षमता वाढवली, ऊस त्या मानाने वाढला नाही. २०२३-२४ मध्ये राज्यात ११० लाख टनांच्या घरात साखर झाली. २०२४-२५ मध्ये ती ८० लाख टनांच्या आसपास उतरली आणि कित्येक कारखाने तीन-साडेतीन महिन्यांतच बंद झाले. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तात्पुरत्या कामगाराला कायम करण्यासाठी हंगामी आस्थापनेत १९० दिवसांची आणि इतरत्र २४० दिवसांची अट लिहिली आहे. शंभर दिवसांत ऊस संपत असेल तर १९० दिवस भरायचे कसे? यंत्रं मोठी झाली, गाळप वेगाने होऊ लागलं, आणि त्या वेगाने हंगामी माणसाचं वर्ष लहान करून टाकलं.

यादीत नसलेली माणसं

एका कारखान्याच्या पॅन विभागात आता काचेची केबिन आहे. आत पडद्यावर पाकाचा दाटपणा, तापमान, निर्वात यांचे आकडे पळत असतात. पॅन आपोआप चालतो म्हणतात. पडद्यासमोर आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला तरुण बसलेला असतो, ठेकेदाराच्या पगारपत्रकावर. बाहेर जुना पॅनमन अजून काच घेऊन उभा असतो. “आकडा बरोबर दाखवतंय, पण दाणा मला हातात बघावा लागतो,” असं तो मला म्हणाला, आणि ते अभिमानाने नाही, चिंतेने म्हणाला. त्याच्यानंतर हे काम कोणत्या पदाने भरलं जाईल, हे त्याला माहीत नाही. तरुणालाही नाही. जुन्या यादीत पॅनमन आहे. पडद्यासमोर बसणाऱ्याला तिच्यात जागाच नाही.

सहवीजनिर्मिती आली, आसवनी मोठी झाली, इथेनॉल आलं, सांडपाणी प्रक्रिया आली. प्रत्येकाबरोबर नवी कामं आली. करारात साखर आणि जोडधंदे दोन्ही येतात. तरीही नवं काम कुठल्या खणात बसवायचं हे स्पष्ट नसलं की कारखान्यापुढे सोपा मार्ग असतो: पद निर्माणच करायचं नाही, काम ठेक्यावर द्यायचं. संघटना टक्का वाढवून आणते, पण तो टक्का लागू होणाऱ्यांची संख्या मुकाट्याने घटत जाते. कायम माणूस निवृत्त होतो, जागा रिकामी राहते, काम ठेकेदाराचा माणूस करतो. त्याच्या नावापुढे श्रेणीचा रकाना नसतो. त्याला मिळतं ते किमान वेतनाच्या आसपास, आणि त्याचं कुशल-अकुशल वर्गीकरणही किमान वेतनाच्या अधिसूचनेतलं, करारातलं नव्हे.

बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता म्हणून माणसाला वर्षानुवर्षं तसंच ठेवणं आणि त्यामागे कायमपणाचे हक्क नाकारण्याचा हेतू असणं, ही महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे. पण ठेकेदाराच्या माणसाने हे सिद्ध करायचं तर आधी आपण नेमके कोणाचे, हेच सिद्ध करावं लागतं. २००६च्या उमादेवी खटल्यापासून सार्वजनिक नोकरीत मागच्या दाराने आलेल्याला कायम करण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने नाकारला आहे. त्याच न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या जगजित सिंग खटल्यात सांगितलं की तात्पुरत्या माणसालाही समान कामाला समान वेतन मिळालं पाहिजे. कायम होण्याचा हक्क नाही, पण दामाचा आहे. हा दुसरा निकाल आमच्या तालुक्यांतल्या फाटकांवर अजून पुरेसा पोचलेला नाही.

फाटकाच्याही बाहेर उसाच्या फडात कोयता चालतो. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव भागांतून आलेली जोडपी. तिथे श्रेणी नाही, टन आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ रुपयांवरून तो ३६६ रुपयांपर्यंत गेला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर. बाई मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पहाटे उठून भाकरी थापते, आणि तिच्या कामाचा स्वतंत्र आकडा कुठल्याही वहीत नसतो. समान मोलाच्या कामाला स्त्री-पुरुषांना समान मोबदला, हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५१चा करार भारताने १९५८ साली मान्य केला. साखरेच्या पोत्यामागे तिच्या श्रमाचा वाटा किती, हे मोजायची पद्धत आपण अजून तयार केलेली नाही.

डेपो आणि डीपी

हीच गोष्ट याच रस्त्यावर दुसऱ्या फाटकांतही दिसते, पण नियम वेगळे. बारामतीत एसटीची आगारं आहेत, इंदापुरात आहे. एसटीचा पगार वेतन आयोगाने ठरत नाही. मान्यताप्राप्त संघटनेशी चार वर्षांचा करार करण्याची तिथली रीत. ती २०१६च्या करारापाशी अडली. जून २०१८ मध्ये प्रशासनाने ४ हजार ८४९ कोटींची वाढ स्वतःहून जाहीर केली, आणि त्याच महिन्यात कर्मचाऱ्यांनी संप केला. मग २०२१च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेला संप आला. मागणी होती एसटीच्या राज्य शासनातल्या विलीनीकरणाची. ते झालं नाही, पण संप चालू असतानाच नोव्हेंबर २०२१ मध्ये मूळ वेतनात वाढ मिळाली. दहा वर्षांपर्यंत नोकरी असलेल्यांना पाच हजार, दहा ते वीस वर्षांच्यांना चार हजार, वीसच्या वर असलेल्यांना अडीच हजार.

साखर कारखान्याच्या टक्क्याच्या अगदी उलटं हे गणित आहे. तिथे वरचा वर जातो. इथे खालचा वर आला आणि ज्येष्ठ त्याच्याजवळ राहिला. नव्या वाहकाची परवड थांबली हे फारच चांगलं झालं. पण पंचवीस वर्षं घाटातून गाडी चालवलेल्या माणसाला आपल्या वर्षांची किंमत पुसली गेल्यासारखी वाटली. तीन वर्षं ही सल राहिली. सप्टेंबर २०२४च्या संपानंतर सरकारने एप्रिल २०२० पासून सगळ्यांची वाढ सरसकट साडेसहा हजारांवर आणली, म्हणजे ज्याला अडीच मिळाले होते त्याला आणखी चार, पाचवाल्याला आणखी दीड. पगाराची शिडी एका बाजूने वर उचलली की दुसऱ्या बाजूला पुन्हा हात घालावाच लागतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

महावितरणचं बारामती परिमंडळ बारामती, सातारा आणि सोलापूर एवढा मुलूख सांभाळतं. खांबावर चढणारा माणूस तिथे ‘जनमित्र’ झाला आहे. पण खांबावर चढणारे सगळे एकाच श्रेणीतले असतीलच असं नाही. एक तंत्रज्ञ, वेतनगटात बसलेला. दुसरा विद्युत सहायक, ज्याची पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर जातात. तिसरा बाह्यस्रोत कर्मचारी, जो एजन्सीचा. पावसात तार तुटली, डीपी जळाली की तिघांनाही एकाच गावातून फोन येतो. जुलै २०२४ मध्ये वीज कंपन्यांत मूळ वेतनात १९ टक्के आणि भत्त्यांत २५ टक्के वाढ झाली, सहायकांचं मानधनही वाढलं. एजन्सीच्या माणसाचा हिशेब वेगळ्या फायलीत राहिला. विजेचा धक्का मात्र श्रेणी बघून बसत नाही, आणि म्हणूनच तिथला भेद मला सर्वांत असह्य वाटतो.

भारतीय न्यायालयांत समान वेतनाचं तत्त्व रुजलं ते एका ड्रायव्हरमुळे. दिल्ली पोलिसांतल्या रणधीर सिंग या चालक-शिपायाने विचारलं, इतर खात्यांतल्या चालकांपेक्षा मला कमी का? १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची बाजू मान्य केली. परदेशात असमान वेतनाच्या चुकीची किंमत केवढी होऊ शकते, ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने पाहिलं. कचरा उचलणाऱ्या पुरुषांना मिळणारे बोनस त्याच श्रेणीतल्या सफाई आणि स्वयंपाकाच्या कामांतल्या स्त्रियांना मिळत नव्हते. स्त्रिया न्यायालयात जिंकल्या, देणी वाढत गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्या पालिकेने नवा खर्चच थांबवला. २०२५ साली तिथल्या कचरागाड्या महिनोनमहिने थांबल्या, त्याच्या मुळाशीही एक पद रद्द करण्याचा वाद होता.

ॲप्रोच लेटर

वरच्या पदाचं काम करतो आणि खालच्या पदाचा पगार घेतो, ही तक्रार प्रत्येक फाटकावर ऐकू येते. फिटर रजेवर गेला की हेल्पर फिटरचं काम करतो. रजा महिन्याची होते, मग जागा रिकामी राहते, मग दोन हंगाम जातात. “काम तर आपल्यालाच येतंय ना, मग कागद कुठाय म्हणून कोण विचारतंय,” असं एका हेल्परने सांगितलं. नेमकं तेच विचारलं जातं. कोणत्या तारखेला, कोणाच्या तोंडी हुकमाने, कोणत्या यंत्रावर काम केलं, याची नोंद नसेल तर दावा उभा राहत नाही.

साखर उद्योगाला १९४६चा औद्योगिक संबंध कायदा लागू आहे. त्या-त्या भागातल्या उद्योगाचे किमान २५ टक्के कामगार सभासद असलेली संघटना प्रातिनिधिक ठरते आणि कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिचा. मालकाला ठरावीक बाबतींत बदल करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते. कामगाराला हवा असेल तर त्याने आधी कारखान्याकडे लेखी मागणी करायची. हेच ते ‘ॲप्रोच लेटर’. त्यानंतर कामगार न्यायालयाचा मार्ग. हे पत्र वेळेत आणि नीट न गेल्याने कितीतरी खरी प्रकरणं बाद होतात. संघटना सत्ताधारी संचालकांच्या जवळची असेल तर पत्र लिहायलाच कोणी पुढे येत नाही, हेही लपवण्यात अर्थ नाही. कारखान्याच्या निवडणुकीत आणि संघटनेच्या निवडणुकीत या भागात तीच घराणी, तेच गट समोरासमोर असतात.

म्हणून माझं साधं सांगणं कामगारांना आहे. पाळीची वही स्वतःची ठेवा. बदलीचं काम सांगितलं की तारीख, यंत्र आणि सांगणाऱ्याचं पद लिहा, लॉगबुकात सही करा, त्याचा फोटो जपून ठेवा. ठेकेदाराकडे असाल तर हजेरी आणि पगाराची पावती मागा.

आणि टेबलाच्या तिन्ही बाजूंना. सध्याचा साखर करार ३१ मार्च २०२९ रोजी संपेल. पुढच्या वेळी टक्क्यावर बोलण्याआधी पदांची यादी नव्याने लिहायला घ्या. पडद्यासमोरचा तरुण, आसवनीतला ऑपरेटर, ठेक्यावरचा हेल्पर, ऊसतोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय, फडातली बाई यांची कामं तिच्यात उतरवा आणि ती यादी करायला जुन्या पॅनमनला सोबत बसवा, तो कामावर असेपर्यंत.